शाळेचा निर्णय मतास कुठे टाकतात?

‘विधानसभेत शाळांचा कायदा झाला’ असं कानावर आलं की आधी एकच विचारायचं: कायदा झाला, नियम बदलले, की नुसता जीआर (शासन निर्णय) निघाला? तिन्हींची वाट वेगळी आहे आणि पालकाला बोलायला जागा कुठे उरते, ते त्यावरच ठरतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या विद्या मंदिरांत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळांत, पोरं घालणाऱ्या पालकांना हा फरक कुणी समजावून सांगत नाही. मग आमदारांना दिलेलं निवेदन चुकीच्या वेळी चुकीच्या टेबलावर जाऊन पडतं.

कायद्याची सुरुवात विधेयकाने होते. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य. दोन्हीकडे विधेयक मतास टाकतात, पण बहुतेक वेळा आवाजी मतदानाने. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणायचं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’, आणि अध्यक्ष निकाल जाहीर करतात. कुणी पोल, म्हणजे मतं मोजून घ्यायची मागणी, केली तरच शिरगणती होते आणि नावं नोंदली जातात. त्यामुळे जिल्ह्यातल्या दहा आमदारांपैकी कोण कसं मत देऊन आलं, याचं उत्तर बहुतेक विधेयकांच्या बाबतीत कागदावर नसतंच. भाषण मात्र कामकाजाच्या नोंदीत राहतं. म्हणून आमदारांना ‘मत कसं दिलं?’ यापेक्षा ‘चर्चेत काय बोललात?’ हे विचारलेलं बरं.

पक्षाने व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला की सदस्याचे हात बांधलेले असतात. व्हिप मोडून मत दिलं तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार (पक्षांतरबंदी) आमदारकी जाऊ शकते. मतदानाच्या आदल्या दिवशी नेलेलं निवेदन म्हणूनच वाया जातं. बोलायचं ते विधेयक मांडलं गेल्यावर लगेच. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि तिने सूचना मागवल्या, तर कलमाचा क्रमांक, आत्ताचा मजकूर आणि हवा असलेला मजकूर असं एका पानात लिहून द्यावं. नुसता ‘तीव्र विरोध’ समितीच्या कामाचा नसतो.

विधान परिषदेत शिक्षकांसाठी सात जागा राखलेल्या आहेत. आपण पुणे विभागाच्या शिक्षक मतदारसंघात येतो. त्यात माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत आहे, प्राथमिकच्या गुरुजींना नाही. पालकांचा तर मतदारसंघच नाही. सर्वसाधारण मतदार म्हणून जे मत आहे, तेवढंच.

खरी गोम पुढे आहे. शाळेतल्या बऱ्याच बदलांवर सभागृहात मतदान होतच नाही. भाषेचंच घ्या. सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा २०२० चा अधिनियम दोन्ही सभागृहांत रीतसर मंजूर झाला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचा निर्णय मात्र १६ एप्रिल २०२५ च्या जीआरने आला, १७ जूनच्या जीआरने बदलला आणि अधिवेशनाच्या तोंडावर, २९ जूनला, दोन्ही जीआर रद्द झाल्याचं जाहीर झालं. विषय लहान मुलांच्या भाषेचाच, पण एकदा मतदान झालं आणि एकदा नाही.

नियमांचंही तसंच. ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने आरटीईच्या, म्हणजे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या, राज्य नियमांत अधिसूचनेने बदल केला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित आणि दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के प्रवेशातून सूट, असा तो बदल होता. उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्द केला. मूळ कायद्याच्या कलम ३८ मध्ये असे नियम विधिमंडळापुढे ठेवायची तरतूद आहे. म्हणजे आमदारांना विचारायला मुद्दा आहे: नियम सभागृहापुढे कधी ठेवले, आणि तुम्ही त्यावर काय बोललात?

जीआरविरुद्ध आमदारांच्या हाती मत नसतं, पण तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही आयुधं असतात. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. डिसेंबरात नागपूरला विचारायचा प्रश्न दिवाळीआधीच आमदारांच्या हाती असलेला चांगला. पत्रात जीआरची तारीख आणि संगणक संकेतांक घालावा. संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. एवढं दिलं की आमदारांच्या स्वीय सहायकाला शोधाशोध करावी लागत नाही.

आता जिथे पालकाचं मत खरोखर मोजलं जातं त्या जागेबद्दल. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात पालकाचं कर्तव्य आहे, दंड नाही. शिवाय कलम २१ ने त्याला शाळा व्यवस्थापन समितीत बसवलं. राज्यात ही समिती १२ ते १६ जणांची असते, त्यांत ७५ टक्के पालक. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक, आणि उरलेल्या तिघांत स्थानिक संस्थेचा एक निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक, एक शिक्षणतज्ज्ञ. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांमधूनच, मुख्याध्यापक सदस्य सचिव, मुदत दोन वर्षं, बैठक दरमहा.

या समितीचं मोल कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत जास्तच जाणवलं. महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून आणि जिल्हा परिषदेत मार्च २०२२ पासून प्रशासकांचा कारभार सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. नगरसेवक नाहीत, जिल्हा परिषद सदस्य नाहीत. त्या काळात शाळेच्या कारभारात पालकांनी स्वतः निवडलेली अशी हीच एक समिती होती.

आणि तीच सगळ्यात निष्काळजीपणे निवडली जाते. पालक सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतात, ऐन भातलावणीत. वीस-पंचवीस जण येतात, गावातल्या एखाद्या गटाची यादी खिशातून निघते, टाळ्या वाजतात, समिती झाली. हे टाळायचं तर सूचना आठवडाभर आधी लेखी लागली पाहिजे, फलकावर आणि वर्गांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही. वेळ संध्याकाळची मागा. पालक उद्यमनगरातले कामगार असतील तर सोमवार मागा, त्यांना त्या दिवशी सुट्टी असते. मत कुटुंबाला एक की आई-वडिलांना वेगवेगळं, हे सभेच्या सुरुवातीलाच ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर होणारे बहुतेक वाद इथूनच उगवतात. प्रत्येक इयत्तेतून पालक आलाय का, वंचित आणि दुर्बल घटकांतले पालक त्यांच्या प्रमाणात आहेत का, तेही तिथेच पाहा. महिला सदस्याच्या खुर्चीवर नवरा बसला तर ती उपस्थिती धरायची नाही. ज्याचं मूल सातवी होऊन शाळेतून गेलं त्याची जागा रिकामी होते, मग तो अध्यक्ष का असेना.

कोऱ्या इतिवृत्तावर सही कधीही करू नका. त्या सहीवरच अनुदान खर्ची पडतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पटापर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. आकडा माहीत असेल तर ‘पैसेच आले नाहीत’ या उत्तरावर बँकेचं पासबुक मागता येतं.

ठराव मोघम असेल तर पंचायत समितीत त्याचं काही होत नाही. ‘शाळेच्या अडचणी सोडवाव्यात’ हा ठराव नव्हे. समजा पहिली ते पाचवीचा पट ६८ आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक लागतात. मग असं लिहा: पट ६८, देय शिक्षक तीन, हजर दोन, एक पद रिक्त, ते भरावं, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, बाजूने इतकी मतं, विरोधात इतकी. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड, भुदरगडातल्या कमी पटाच्या शाळांनी हे आकडे तर काटेकोर ठेवावेत, कारण तिथे एक शिक्षक गेला की एकाच शिक्षकावर सगळे वर्ग येतात. हाच मजकूर शाळा विकास आराखड्यातही घाला. केंद्राच्या आदर्श नियमांत आराखड्याची वेळ आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधीची आहे, म्हणजे डिसेंबरअखेर.

ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक ग्रामसभेला द्या, पोच घ्या. काहीच हललं नाही तर त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. तीन महिने मोजायचे ते पोचेवरच्या तारखेपासून, म्हणून शिक्का उमटलाय का आणि तारीख वाचता येते का, हे कचेरीतून बाहेर पडायच्या आधीच बघून घ्या.