मामांचा चार

मार्च महिना, सकाळचे अकरा-साडेअकरा, मी पीसीव्हीच्या (नुसत्या लाल पेशींच्या) बॅगांवर लेबलं लावत होते आणि रिसेप्शनवरून फोन आला की एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) दोन जण वर येतायत. आमच्याकडे असा फोन आला की पहिलं काय होतं तर सगळे उगाचच फडकं घेऊन टेबलं पुसायला लागतात, त्या दिवशी पण तेच. मामांनी चहा सांगितला.

मी जिल्ह्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये रक्तपेढीत टेक्निशियन आहे (२०२० पासून कागदावर आम्ही 'ब्लड सेंटर', पण रिक्षावाल्याला रक्तपेढीच सांगावं लागतं). मामा आमचे अटेंडंट. दहावी पास, १९९६ ला लागले. पैसे घेऊन रक्त देणारे गेटबाहेर झाडाखाली बसून असायचे ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली तशी ती माणसं दिसेनाशी झाली असं सांगतात. कागदावर मामांचं काम म्हणजे ट्यूब धुणं, सॅम्पल आणणं, फ्रिजचं टेंपरेचर लिहिणं, डोनरला बिस्कीट-कॉफी देणं. प्रत्यक्षात रात्री मामा ग्रुपिंग (रक्तगट बघणं) लावायचे, क्रॉसमॅच (पेशंटचं आणि बॅगेतलं रक्त जुळतं का ते बघणं) लावायचे, रजिस्टरला चढवायचे आणि मी सही करायचे.

असं का, तर लायसन्सवर आम्ही चौघं. रक्त हे कायद्यानं औषध आहे, १९४० चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स अ‍ॅक्ट लागतो, त्यामुळे फॉर्म २८-सी वर, म्हणजे आमच्या लायसन्सवर, टेक्निकल स्टाफची नावं असतात, आणि कोणी आलं-गेलं तर लगेच कळवायचं असतं. टेक्निशियन म्हणजे एमएलटीची (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची) डिग्री आणि सहा महिन्यांचा अनुभव, नाहीतर डिप्लोमा आणि एक वर्षाचा, आणि तोही रक्त तपासण्याचा, नुसता युरीन-शुगरचा नाही. आमच्या चौघांतला एक दुबईला गेला, एकीला सरकारी नोकरी लागली. नावं मात्र लायसन्सवर तशीच. उरलो दोघं, आणि नाईटला जो असेल त्यानं मेन लॅबही बघायची, म्हणजे आयसीयूचे सीबीसी, इलेक्ट्रोलाइट्स सगळं. 'मामा आहेत ना' हे वाक्य आमच्या अ‍ॅडमिनला फार आवडायचं. तोंडीच, लेखी कधीच नाही.

आणि खोटं कशाला बोलू, मामांचा हात आहे. नवीन डीएमएलटी झालेली पोरं ट्यूब अशी हलवतात की आलेलं क्लंपिंग पण फुटून जाईल. मामा ट्यूब तिरकी धरून अंगठ्यानं हलकेच टिचकी देतात, तळाचं बटण सुटताना बघतात. बघायला छान वाटतं.

आता डिसेंबरमधली ती रात्र. थंडी मरणाची, न्यूमोनियाचे एक आजोबा, हिमोग्लोबिन पाच, दोन बॅगा हव्यात म्हणून वॉर्डातून सारखा फोन. मी मेन लॅबमध्ये, मशीन एरर देतंय, आणि मामा दारात. 'ताई, एबी पॉझिटिव्ह. एबीच्या दोनच आहेत, काढून ठेवू का?' मी हो म्हणून पण टाकलं असतं. पण जाता जाता म्हणाले, 'आज सलाईन खराब आलंय वाटतं, सिरमच्या बाजूला पण सगळंच गठतंय.'

मी हातातलं तसंच टाकून गेले. टाइलवर निळ्या अँटी-ए मध्ये गुठळ्या, पिवळ्या अँटी-बी मध्ये गुठळ्या, डी (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं) मध्ये पण. म्हणजे एबी पॉझिटिव्ह, बरोबर. पण एबी माणसाच्या सिरममध्ये ना अँटी-ए असतं ना अँटी-बी, मग रिव्हर्सला (पेशंटच्या सिरममध्ये आधीच माहीत असलेले सेल्स टाकून केलेली उलट तपासणी) ए आणि बी सेल्स का गठतील? मी पेशंटच्या सेल्सचा एक थेंब नुसत्या सलाईनमध्ये घेतला, नवीन बाटली फोडून. अँटीसेरा (ग्रुप ओळखायची ती अँटी-ए, अँटी-बीची द्रावणं) काही नाही, फक्त सलाईन. तरी विरजण लागल्यासारखं गठलं. सलाईनचा काही दोष नव्हता, थंडीत पेशंटच्या स्वतःच्याच अँटीबॉडी त्याच्या सेल्सना चिकटवत होत्या, कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन, काही न्यूमोनियात होतं असं. सलाईन ३७ डिग्रीला गरम केलं, सेल्स तीनदा धुतले, परत ग्रुप लावला. अँटी-ए मध्ये सेल्स मोकळे. अँटी-बी मध्ये मोकळे. फक्त डी.

ओ पॉझिटिव्ह.

मामा शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत, त्या दोन एबीच्या बॅगा हातात होत्या त्या परत फ्रिजमध्ये ठेवल्या आणि फ्रिजचं हँडल धरून तसेच थांबले. कोणी म्हणेल पुढं क्रॉसमॅचला अडकलंच असतं. असतं कदाचित. पण 'सलाईन खराब आहे' हे एकदा डोक्यात बसलं की क्रॉसमॅचमधलं क्लंपिंग पण सलाईनच्याच नावावर जातं, आणि वॉर्डातून फोन वाजतच असतो. त्यांना गठलेलं दिसलं होतं, माझ्याआधी दिसलं होतं. का गठतं ते त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

मग पुढचे आठ दिवस सगळं मी स्वतः केलं. नवव्या दिवशी आयसीयूला दोन सिरीयस, मशीन बंद, आणि परत मामांनी लावलेल्या क्रॉसमॅचखाली माझी सही. हे लिहायला लाज वाटते पण असंच झालं.

तर मार्चमधला तो दिवस. त्यातल्या औषध निरीक्षक मॅडम, पन्नाशीच्या असतील, त्यांनी फ्रिज वगैरे पटकन बघितलं, इश्यू केलेल्या बॅगांचे पायलट सॅम्पल (तपासणीसाठी बाजूला काढलेलं थोडं रक्त) सात दिवस ठेवता का ते विचारलं, आणि मग खुर्ची ओढून क्रॉसमॅचचं रजिस्टर आणि आमचं मस्टर शेजारी शेजारी ठेवून बसल्या. दहा मिनिटं एक अक्षर नाही. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि एका बॅग नंबरवर बोट ठेवलं.

'हे अक्षर तुमचं?'

'सही माझीच आहे मॅडम.'

'मी अक्षर विचारलं.'

मामांचा इंग्रजी चार म्हणजे उलटी ठेवलेली खुर्ची, वरून उघडा. माझा वरून बंद. पानभर उलट्या खुर्च्या आणि प्रत्येकीखाली माझी सही. दोन पानं मागं, तीच. डिसेंबरमध्ये गेल्या, तीच. इतकी वर्षं त्या रजिस्टरवर वाकून सह्या केल्या पण मला ते कधी दिसलंच नव्हतं.

तेवढ्यात मामा चहाचा ट्रे घेऊन आत आले. मॅडमनी त्यांना विचारलं, आवाज न चढवता, 'तुम्ही काय काम करता इथं?'

मामा म्हणाले, 'पडेल ते, मॅडम.'

चहा कोणीच घेतला नाही. फॉर्म ३५ च्या इन्स्पेक्शन बुकात सव्वा पान लिहिलं गेलं, गेलेल्या दोन टेक्निशियनची नावं न कळवल्याचंही त्यात आलं. निघताना मॅडम मला एवढंच म्हणाल्या की तुमच्या हातून काम होत नसेल तर तसं लेखी द्या, दुसऱ्याच्या कामाखाली सही करू नका. तेव्हा राग आला होता खूप, यांना काय जातंय बोलायला, नाईट करून बघा म्हणावं.

पुढं कारणे दाखवा नोटीस आली. हॉस्पिटलनं काय केलं, तर मामांना मेमो, 'अनधिकृतपणे तपासण्या केल्याबद्दल', आणि दुसरा मेमो मला. 'मामा आहेत ना' म्हणणाऱ्याला काही नाही. मी उत्तरात सगळं लिहिलं, कोण रजेवर, कोण गेलं, किती वेळा माणूस मागितला, तारखा टाकून. एचआरनं बोलावून 'शब्द जरा बदला' म्हणून सांगितलं, मी नाही बदलले. दीड महिना रात्रीची इमर्जन्सी आली की नातेवाइकांना दुसऱ्या रक्तपेढीत पाठवावं लागलं आणि त्यांच्या शिव्या आम्हीच खाल्ल्या. मग दोन टेक्निशियन भरले, लायसन्सवर नावं चढली. जी माणसं सात महिन्यांत मिळत नव्हती ती दीड महिन्यात मिळाली, हे पण एक आश्चर्यच.

मामा आता डोनरच्या बाजूला असतात. मेमो त्यांनी घडी करून पाकिटात ठेवलाय, दोन वर्षांत रिटायर होतील. टेस्टिंग रूममध्ये पाय ठेवत नाहीत, सॅम्पल आणलं तरी खिडकीतून देतात. मी एकदा आत या म्हटलं तर म्हणाले, 'नको ताई, इथूनच बरं.'

मागच्या आठवड्यात नवीन मुलगी ग्रुपिंग करत होती, डिग्रीवाली, हुशार आहे. रिव्हर्स जुळत नाही म्हणून तिसऱ्यांदा लावत होती, आणि मी म्हणजे बघू दे तिला तिचं ती म्हणून गप्प बसलेले. मामा कॉफीचे कप घेऊन खिडकीशी थांबले, जरा वेळ बघितलं आणि तिथूनच म्हणाले, 'पोरी, पेशंटच्या सेल्सला नुसतं सलाईन लावून बघितलंस का?'

तिनं लावलं नव्हतं.