जिवंत माणसाचे पान

वडिलांनी आणि आत्याने मला सहाव्या वर्षी आईपासून पळवून नेले आणि पुढची अकरा वर्षे आम्ही आडनाव बदलून परमुलखात राहिलो, हे कळल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात: "अहो, पण तुम्ही कुणाला सांगितलं कसं नाही? शाळेत बाई होत्या, शेजारी होते." विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा अंधारी खोली, बाहेरून घातलेली कडी आणि खिडकीशी रडणारे मूल असते. आमच्या घराची कडी आतून होती आणि दार वाजले की ती काढण्याआधी फटीतून कोण आले आहे ते पाहण्याचे काम माझ्याकडे होते. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी नेहमीसारखे हसून विषय न बदलता उत्तर लिहून काढते.

मे १९८४मध्ये मी मिरजेला आजोळी आईबरोबर राहत होते. आई-वडील वर्षभर वेगळे राहत होते. वडील मला आठ दिवसांसाठी न्यायला आले आणि आईने माझी पिशवी स्वतः भरून दिली, ज्याबद्दल ती स्वतःला अजूनही बोल लावते. स्टेशनवर आत्या वाट पाहत होती. महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर आणि तिथून दुसऱ्या गाडीने भिलाई, असा तो प्रवास झाला. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या त्या गावात देशभरातून माणसे आली होती आणि प्रत्येकच जण बाहेरचा असल्यामुळे कुणी कुणाला मूळ गाव फारसे खोदून विचारत नसे. लपायला जंगल लागत नाही, अशी वसाहत पुरते. वडिलांना एका वाहतूक ठेकेदाराकडे हिशेबनिसाची नोकरी मिळाली, प्रतिज्ञापत्रावर मला शाळेत प्रवेश मिळाला आणि आडनावाच्या जागी वडिलांच्या नावातले 'कुमार' आले. त्या काळच्या माझ्या शाळेच्या कागदांवर आईच्या नावाचा रकानाच नव्हता, त्यामुळे तिथे खोटे लिहिण्याचीसुद्धा वेळ आली नाही. पंधरा दिवसांनी आत्याने मला मांडीवर घेऊन सांगितले की आई देवाघरी गेली.

घरातले नियम मोजके होते आणि ते धाक घालून नव्हे, तर विश्वासात घेऊन सांगितलेले होते. उंबऱ्याबाहेर मराठी बोलायचे नाही. शाळेच्या फोटोच्या दिवशी पोट दुखायला हवे. सुपेल्याच्या बाजारात नऊवारीतली बाई दिसली तर रस्ता ओलांडायचा. कारण असे सांगितले होते की काही वाईट माणसे बाबांना तुरुंगात टाकायला टपली आहेत आणि बाबा तुरुंगात गेले तर मला कुणीच उरणार नाही. आई नसलेल्या सहा वर्षांच्या मुलीला याहून पटण्यासारखे कारण कोणते असणार?

या कामात मी किती तरबेज झाले होते ते एका प्रसंगावरून सांगते. तिसरीत असताना तोंडी गणिते सोडवताना माझ्या तोंडून पुटपुटल्यासारखे 'बे साती चौदा' गेले, कारण तो पाढा आईने शिकवलेला होता आणि आकडेमोड माणूस ज्या भाषेत शिकतो त्याच भाषेत करतो. बहनजी थबकल्या. गुजरातीतही दोनाला 'बे'च म्हणतात हे त्यांना माहीत असावे, त्यांनी विचारले, "गुजराती हो क्या?" क्षणाचाही विलंब न लावता मी म्हणाले, "जी, बहनजी." घरी आल्यावर मी हे सांगितले तेव्हा वडिलांनी मला जवळ घेऊन शाबासकी दिली, आणि खरे सांगायचे तर इतकी मनापासून मिळालेली शाबासकी मला पुढे कोणत्याही परीक्षेतल्या गुणांवर मिळाली नाही. त्या दिवसापासून मी पाढेसुद्धा मनातल्या मनात हिंदीत म्हणू लागले. मला लपवले होते असे लोक म्हणतात. मी तर लपवणाऱ्यांतली तिसरी होते.

मग आईने काय केले, असेही विचारले जाते, आणि त्या प्रश्नाला एक तिखट वास असतो, म्हणून त्याचेही उत्तर देते. ती तक्रार द्यायला गेली तेव्हा तिला सांगण्यात आले की बापाने मुलीला नेले याला पळवणे कसे म्हणायचे. त्या वेळचा कायदाही त्या अंमलदाराच्या बाजूचा वाटावा असाच होता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६च्या कलम ६नुसार नैसर्गिक पालक आधी पिता आणि 'त्याच्यानंतर' माता. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे, पण मी सहा वर्षांची होते. 'त्याच्यानंतर' याचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९मध्ये सांगितले; तोवर मी वीस वर्षांची झाले होते. आईने १८९०च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज केला आणि आदेशही मिळवला, मात्र ज्याच्यावर तो बजावायचा त्याचा पत्ताच नसल्यामुळे तो कागद तिच्या ट्रंकेत राहिला. अलीकडे, २०२३मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की न्यायालयाची मनाई नसेल, तर जन्मदात्या पित्याने अज्ञान मुलाला आईकडून नेल्यास अपहरणाचा गुन्हा होत नाही. त्यामागचे कायद्याचे गणित मला समजते, पण ती बातमी वाचून मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि दुपारी जेवले नाही. परदेशात नेलेल्या मुलांसाठी १९८०चा हेग करार आहे. भारत त्यात सामील नाही, आणि त्यातही परतीचा अर्ज एक वर्ष उलटल्यावर आला आणि मूल नव्या जागी रुळलेले दिसले, तर त्याला परत पाठवण्यास नकार देता येतो. रुळणे हा शब्द मी फार जवळून ओळखते. मी उत्तम रुळले होते.

आई दुसरे एक काम मात्र अकरा वर्षे नेमाने करत राहिली. शिधापत्रिकेवरचे माझे नाव तिने कमी होऊ दिले नाही. मुलगी इथे राहत नसेल तर नाव काढा, असे तिला दर तपासणीला सांगितले जाई, आणि ती सुट्टीत मामाकडे गेली आहे असे आई उत्तर देई. नियमाप्रमाणे ते खोटेच होते. माझ्या वाट्याची माणशी साखर अशी अकरा वर्षे घरात येत राहिली.

१९८८मध्ये दुर्ग स्टेशनवर सांगलीकडच्या कुणीतरी वडिलांना मूळ आडनावाने हाक मारली आणि चौथ्या दिवशी आम्ही जबलपूरच्या रांझी भागात होतो. तिथेच, १९९२च्या भाद्रपदात, ती अविधवा नवमी आली, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने पान वाढण्याचा दिवस. आजी अहेवपणी गेलेली आणि आजोबा गावी हयात, म्हणून आत्या दरवर्षी तिच्या नावाने पान वाढून सवाष्ण जेवायला बोलवत असे. वाड्यातल्या शेजारणी हेच मातृनवमी म्हणून पाळत, त्यामुळे कुणाला वावगे वाटत नसे. त्या वर्षी जेवायला आलेल्या शेजारणीने खिरीची वाटी संपवता संपवता सहज विचारले, "और बिटिया की माँ के नाम का?" आत्याने ऐकू न आल्यासारखे केले. मी मात्र चौदा वर्षांची होते आणि मला हिशेब करता येत होता: आजीला जो नियम लागू तोच आईलाही लागू, आणि तरी आठ वर्षांत एकदाही तिचे पान वाढलेले मी पाहिले नव्हते. शेजारीण गेल्यावर मी भांडी घासता घासता विचारले. आत्या बराच वेळ राख लावून एकच वाटी घासत राहिली आणि मग म्हणाली, "जिवंत माणसाचं पान वाढायचं नसतं गं."

आठ वर्षे माझ्याशी सहज खोटे बोलू शकलेल्या या बाईला पितरांशी खोटे बोलण्याचे धाडस झाले नव्हते.

आता तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर, जे मी आजवर टाळत आले. आई जिवंत आहे हे कळल्यावरही मी कुणाला सांगितले नाही, आणि तेही एक-दोन दिवस नव्हे, तर तीन वर्षे. लहानपणी न सांगण्याला कारण होते; या तीन वर्षांना मला पूर्ण पटणारे कारण आजही देता येत नाही. वडील तुरुंगात जातील ही भीती होती. आत्या बालविधवा होती, तिला दुसरे घर नव्हते. शिवाय आईचा चेहरा मला आठवत नव्हता. आठवत होते ते मिरजेच्या सतारमेकरांच्या दारात वाळत टांगलेले भोपळे, आणि तेही भिलाईत राहून मला स्वप्नातलेच वाटू लागले होते. तापात उशाशी बसणारी दोन माणसे एकीकडे आणि काही भोपळे दुसरीकडे, असा तो सामना होता. मी दहावीचा अर्जही 'कुमार' आडनावानेच भरला.

१९९५च्या उन्हाळ्यात आत्या आजारी पडली आणि तिने माझ्याकडून अंतर्देशीय पत्र मागवले. "पत्ता मी घालते, मजकूर तू लिही," एवढेच ती म्हणाली. मी तीन ओळी लिहिल्या. दहाव्या दिवशी मामा दारात उभा होता. वडील त्या वेळी अंगणात सायकलचे पंक्चर काढत होते. त्यांनी मान वर केली, मामाला पाणी द्यायला मला सांगितले आणि पुन्हा ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे शोधू लागले.

मिरजेला घरी पोहोचलो तेव्हा आईने मला पोटाशी धरले, ती रडली, शेजारपाजारच्या बायका रडल्या. मग सगळे पांगल्यावर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहात साखर किती घालू गं?" मी उत्तर दिले, "एक चम्मच." तो उंबरा माझ्या लेखी अजून बाहेरचा होता आणि बाहेर मराठी बोलायचे नव्हते. मुलगी मराठी विसरली असे समजून आई पुढचे दोन दिवस माझ्याशी सिनेमात ऐकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत राहिली, 'तुमको भूख लगा क्या' असे विचारत राहिली, आणि तिचा प्रत्येक शब्द कळत असूनही मी तिला थांबवले नाही.