आखाजीचं शूटिंग आणि फाटलेला मांडा

मी अमळनेरकडचा, लग्नाचे व्हिडिओ करतो, आणि तारखांमधून वेळ मिळाला की एका मित्राच्या अहिराणी कॉमेडी फिल्मचा कॅमेरा आणि एडिटिंगही माझ्याच गळ्यात असतं. घरगुती कॉमेडी म्हणजे काय तर नवरा आळशी, बायको कजाग, सासू त्याहून कजाग. आणि बायको म्हणजे आमचा दाद्या, लुगडं नेसून. सुरवातीला गावातली एकही बाई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती म्हणून दाद्याला उभं केलं, नंतर त्याची सवयच झाली, मग कोणाला विचारायलाही गेलो नाही.

त्या दिवशी आखाजीचा, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेचा, एपिसोड होता. नवरा पत्त्यात पैसे हरून येतो, बायको खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, मांडे म्हणजे हातावर पसरलेल्या पातळ पुरणपोळ्या करत असते, आणि उलथनं घेऊन त्याच्या मागं धावते, इतकंच. चूल, खापर, पुरण सगळं एका आक्काच्या अंगणात. आक्का साठीच्या असतील. दाद्याने पहिला मांडा हातावर घेतला आणि कोपरापर्यंत जायच्या आतच फाटला, पुरण सगळं मातीत. दुसरा खापरावर गोळा होऊन पडला. 1913 साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती अण्णा साळुंक्यांनी केली होती, ते आधी हॉटेलात स्वयंपाकी होते म्हणतात, त्यांना निदान स्वयंपाक तरी येत होता! आणि त्यानंतर लगेच फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या पण होत्या. म्हणजे आम्ही शंभर वर्षं मागंच.

तिसरा फाटल्यावर आक्का उठल्या. "नासाडी करी ऱ्हायना पुरणनी, सरक तिकडे." दाद्याला बाजूला केलं, हाताला पाणी लावलं, गोळा एका हातावरून दुसऱ्यावर असा फिरवला की मांडा दोन्ही कोपरांपर्यंत चादरीसारखा लोंबायला लागला, एवढा पातळ की मला त्यातून त्यांच्या बांगड्या दिसत होत्या. मी कॅमेरा बंदच केला नाही. आमच्या हिरोला काय सुचलं देव जाणे, त्याने स्क्रिप्टमधला डायलॉग टाकला, बायांना काय काम, दिवसभर चुलीपुढे बसायचं. आक्का खापराकडेच बघत म्हणाल्या, "मग बस ना भो. टाक एक." तो बसला, जोश मध्ये टाकायला गेला, बोटं खापराला चिकटली, आणि मागं ओट्यावर बसलेल्या बाया अशा हसल्या की ऑडिओ पूर्ण गेला. एरवी दाद्याच्या नाचण्यावर त्या पदराआड हसतात, हे हसू वेगळं होतं, खोकला येईपर्यंत.

रात्री एडिटला बसलो तर मित्र म्हणे हे काढ, पब्लिकला लुगड्यातला दाद्याच लागतो. मी म्हटलं अरे 'अशी ही बनवाबनवी'त साड्या नेसल्या कारण घरमालकीणीला नवराबायकोच भाडेकरू हवे होते, गोष्टीतच गरज होती, आपली काय गरज? त्याच्याकडे उत्तर नव्हतं पण चॅनल त्याचं आहे. खूप वाद झाल्यावर आक्काचे चाळीस सेकंद राहिले.

दाद्याला दिवसाचे पाचशे ठरलेलेच होते. आक्काला नारळ आणि ब्लाउजपीस दिला, मीच नेऊन दिला. त्यांनी ब्लाउजपीस उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आनि पुरणना पैसा?"