ओल्या वाळूचा पट्टा

निर्मनुष्य किनारा वॉटरकलरमध्ये रंगवायला सोपा असं बऱ्याच जणांना वाटतं, आकाशाचा एक पट्टा, समुद्राचा एक, वाळूचा एक, झालं चित्र. आणि खरंच तसं केलं की समोर येतो तीन रंगांचा झेंडा! होडी नाही, माणूस नाही, नजर टेकायला काहीच नाही. मला विचाराल तर अशा चित्राचा हिरो समुद्र नसतोच मुळी, लाट मागे सरल्यावर जी चकाकणारी ओली वाळू उरते ना, ती असते. ती जमली की बाकीचं थोडं कच्चं राहिलं तरी चालून जातं.

गंमत अशी की ती एकाच वेळी कोरड्या वाळूपेक्षा गडदही असते आणि आरसाही असते. पाण्यामुळे वाळूतून परत येणारा उजेड कमी होतो म्हणून ती गडद दिसते, आणि वरच्या पातळ थरात आकाश दिसतं. त्यामुळे नुसता ब्राऊन फासला की चिखल दिसतो आणि नुसता निळा लावला की ते पाणीच वाटतं. मी आधी रॉ सिएनामध्ये (पिवळसर मातकट रंग) जरासा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) घालून वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, देते, आणि तो ओला असतानाच आकाशाचा जो रंग वापरलाय तोच वरून खाली उभ्या स्ट्रोकने सोडते, मग ब्रश उचलायचा आणि गप्प बसायचं, कारण इथे ढवळाढवळ केली की संपलं. सुकल्यावर एक-दोन बारीक आडव्या रेघा, बस. उभे स्ट्रोक का, तर खडकाचं प्रतिबिंब कायम सरळ खाली, आपल्याच दिशेने येतं, सावली मात्र सूर्य असेल त्याच्या उलट बाजूला पडते. ही दोन्ही एकाच दिशेला ढकलली की चित्र खोटं वाटायला लागतं, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं.

पाणी काही तुमच्यासाठी थांबत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, म्हणजे तासा-दीड तासात तो पट्टा पार सरकलेला असतो, म्हणून ओल्या-कोरड्याची रेघ पहिल्यांदा पेन्सिलने पकडायची आणि मग समोर काहीही होवो, तीच धरून ठेवायची. हवेचा पण ताप आहेच, दमट आणि वारा पडलेला असेल तर वॉश सुकता सुकत नाही आणि वारा सुटला की रंगाच्या कडा डोळ्यादेखत सुकून पक्क्या होतात. त्यामुळे ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन पेपर बरा, ओल जास्त वेळ धरतो.

फेसासाठी मी पेपरचा पांढराच राखते. मास्किंग फ्लुइडच्या (पेपरवर रंग लागू नये म्हणून लावायचा आणि नंतर सोलून काढायचा द्रव) कडा मला फार कापल्यासारख्या वाटतात, फेस असा नसतो हो, शिवाय सावलीतला फेस पांढरा नसतोच, निळसर करडा असतो. राहून गेलेला पांढरा ब्लेडने खरवडून काढणं मात्र मला अजिबात चीटिंग वाटत नाही. चित्रकार विन्स्लो होमर, जो १८८३ च्या सुमारास अमेरिकेत मेनच्या किनाऱ्यावर प्राउट्स नेकला राहायला गेला, तोसुद्धा वॉटरकलरमध्ये पेपर खरवडून पांढरा काढायचा. फक्त पेपर पूर्ण सुकलेला हवा, नाहीतर लगदा निघतो.

ओल्या वॉशवर मीठ टाकून वाळूचं टेक्स्चर आणायची ट्रिक मात्र मला नाही आवडत. त्याने बर्फाच्या चांदण्या उमटतात, वाळू नाही. त्यापेक्षा रफ पेपरवर ब्रश आडवा धरून ड्राय ब्रश, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशने रंग, मारा, किंवा ग्रॅन्युलेट होणारा अल्ट्रामरीन थोडा जास्त घाला, दाणे आपोआप खळग्यांत बसतात.

आणि "रिकामं वाटतंय" म्हणून शेवटी दूरवर एक माणूस टाकायचा मोह होतो, तो टाकू नका. टिकलीएवढा माणूस आला की सगळी नजर त्याच्यावर जाते आणि एवढ्या मेहनतीने केलेल्या ओल्या वाळूकडे कोणी ढुंकून बघत नाही. फारच वाटलं तर एक खडक टाका, अर्धा ओला.