शेरा : मुदतबाह्य

"आमच्याकडे पुस्तकं आहेत, घेऊन जाता का?" असा फोन आमच्या वाचनालयात आठवड्याला एक तरी येतो. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, चरईतल्या जुन्या इमारती पाडायला निघाल्यापासून कधी कधी दिवसाला एक. घर रिकामं करायची तारीख ठरली की आधी सोफा जातो, मग कपाटं जातात, आणि कपाटं गेल्यावर जमिनीवर उरतात ती पुस्तकं. मग आमची आठवण होते. लोकांना वाटतं, फुकटात पुस्तकं मिळाली, ग्रंथालयाला आनंदच होणार. पण दान आलेल्या पुस्तकाचाही सोपस्कार विकतच्याइतकाच असतो. दाखल नोंदवहीत क्रमांक, वर्गांक, बारकोड, शीर्षक पानावर शिक्का आणि आमच्या गुप्त पानावर दुसरा शिक्का. (पुस्तकातल्या एका ठरलेल्या पानावर प्रत्येक ग्रंथालय आपली खूण करतं. पहिली पानं फाडून कुणी पुस्तक लांबवलं तरी ते ओळखता येतं. ते पान कुठलं, हे आम्ही सांगत नाही.) आणि एकदा दाखल केलेलं पुस्तक सहजासहजी बाहेर काढता येत नाही. निर्लेखनाची यादी, मंडळाचा ठराव, सह्या, असं सगळं लागतं. म्हणून एकोणीस वर्षांत मी "हो"पेक्षा "नको" जास्त वेळा म्हटलंय, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी शिपाईमामांना घेऊन मी नौपाड्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावर गेले. लिफ्ट नव्हती. इमारत आठवडाभरात सोडायची होती. काका जाऊन दीड वर्ष झालेलं, काकू घोडबंदर रोडला मुलाकडे जाणार होत्या, आणि तिथे त्यांच्या वाट्याला एक खोली. पुस्तकं किती, असं फोनवर विचारलं तेव्हा काकूंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, "दोन हजार आठशे साठ." असा नेमका आकडा मला आजवर कुणी दिला नव्हता. आमच्या कार्यवाहांनी निघताना बजावलं, "चारशेच्या वर नको. इंग्रजी तर शक्यतो नकोच."

खासगी संग्रह बघायला गेलं की मी आधी पुस्तकांची नावं बघत नाही. सगळ्यात खालचा खण उघडते, मागच्या भिंतीवर वाळवीची मातीची रेघ आहे का बघते. मग एक जाड पुस्तक काढून पांढऱ्या कागदावर आपटते. कसर लागलेली असेल तर पिवळट भुगा पडतो. मग एखाद्या जुन्या पानाचा कोपरा हलकेच दुमडते, उलगडते, पुन्हा दुमडते. दुसऱ्या घडीला तुटला तर ते पुस्तक घरी द्यायच्या कामाचं नाही. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत, चार पावसाळे बंद कपाटात काढलेला संग्रह या तीन तपासण्यांतून क्वचितच पार पडतो. आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सेलोटेप. फाटलेल्या पानावर प्रेमाने टेप लावणाऱ्या वाचकांना मी किती वर्षं सांगतेय, की टेप वाळून गळून पडते आणि तिचा चिकटा कागदात मुरून अक्षरांवर तपकिरी डाग कायमचा राहतो.

या घरात टेपचा एक तुकडा सापडला नाही. भुगा पडला नाही. प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर, कण्यावर क्रमांक. सुटलेल्या पुठ्ठ्यांना खळीने चिकटवलेली कापडी पट्टी, कडा पट्टीने आखून कापल्यासारख्या सरळ. खळीत मोरचूद घातलेला होता. पट्टीच्या कडेला किंचित निळसर झाक दिसते, त्यावरून कळतं. मोरचुदाने खळीला कीड लागत नाही, हे जुन्या बाइंडरांचं ज्ञान. आमच्याकडे आता बाइंडिंग करून देणारे तयार गोंद वापरतात आणि वर्षभरात पानं सुटतात. मी विचारलं, "काका बाइंडिंगचं काम करायचे का?"

"छे गं. वागळे इस्टेटला टूलरूममध्ये होते. मापाची सवय हाताला."

मी कामाला लागले. एक खोली भिंतभर, दुसरी अर्धी, शिवाय गॅलरीत पत्र्याची पेटी. लेथ मशिनवरची जाडजूड पुस्तकं, मशिनांची माहितीपत्रकं जर्मनमधून येत म्हणून जर्मन शिकायची पुस्तकं, मग जर्मन कविता. तुकोबांच्या गाथेच्या तीन वेगवेगळ्या प्रती, बुद्धिबळ, कापूस आणि गिरण्या, गळिताची धान्यं, ठाणे जिल्ह्याचं 1882 चं गॅझेटिअर (नंतरची छापील आवृत्ती, पण पूर्ण), किल्ले, मधमाश्या, मोल्सवर्थचा कोश. एका माणसाने, टूलरूममधल्या पगारात. 1893 पासून मराठी ग्रंथ संग्रहालय असलेलं हे गाव, इथे वाचणाऱ्यांची वाण नाही. पण इतकं चौफेर वाचून कुठेही एक ओळ न छापलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

मला त्रास झाला तो क्रमाचा. लावणी बघून जीव कासावीस झाला. एका खणात ओळीने असं होतं: जुन्या पंचांगांचा गठ्ठा, पक्ष्यांवरचं सालीम अलींचं इंग्रजी पुस्तक, सुक्या मासळीच्या पदार्थांचं एक छोटं पुस्तक, मिठागरांवरचा एक अहवाल, खगोलशास्त्र, आणि पुन्हा एक पक्ष्यांचं. आमच्याकडे दशांश वर्गीकरण. पक्षी 598, पाककृती 641, पंचांग 529, समुद्र 551. एकमेकांपासून कपाटं दूर. मला वाटलं, शेवटच्या आजारपणात काकांना लावणी जमली नसेल. मी खण मोकळा केला आणि जमिनीवर विषयवार ढीग घातले. घ्यायची डावीकडे, नको ती उजवीकडे.

त्याच खणात एकोणतीस सारख्याच पुस्तकांची रांग होती. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे वार्षिक तक्ते, 1981 ते 2009. यादीवर मी शेरा लिहिला: "मुदतबाह्य". गेल्या वर्षाची भरती आज कोण शोधणार? नियमाप्रमाणेच चाललं होतं. मुदत संपलेली मार्गदर्शकं, वेळापत्रकं, दरपत्रकं घ्यायची नाहीत. तरी सवयीने दोन अंक चाळले. समासात पेन्सिलीचे बारीक आकडे आणि खुणा, पानोपानी. म्हणजे दुसरा नियमही लागू झाला: रेघोट्या मारलेली, लिहिलेली पुस्तकं नाकारायची. रांग उजवीकडे गेली.

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ते त्यांचं रविवारचं आहे."

मी ऐकलं. "हो का," म्हटलं आणि पुढचा खण उघडला.

संध्याकाळपर्यंत तीनशे सत्त्याण्णव पुस्तकं निवडली. मुलाने अर्धा दिवस रजा टाकली होती, गोण्या खाली उतरवायला तोच आमच्याबरोबर होता. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निघताना काकूंनी एक लांबट वही हातात दिली. "ही पण ने. यात सगळी लिहिलीत." खासगी संग्रहाची यादी मिळाली तर नोंदी लवकर होतात, म्हणून मी ती खूश होऊन घेतली.

रात्री जेवण झाल्यावर वही उघडली. आखलेले रकाने, क्रमांक, नाव, तारीख, किंमत, कुठे घेतलं. आणि सहावा रकाना: "कुठून". आधी वाटलं, दुकान पुन्हा लिहिलंय. पण त्यात क्रमांक होते. प्रत्येक पुस्तकापुढे आधीच्या कुठल्या तरी पुस्तकाचा क्रमांक, आणि एक प्रश्न.

क्रमांक 371 म्हणजे 1981 चा भरतीचा तक्ता. तो "कुठून"? पुढे लिहिलं होतं: "चेंदणी कोळीवाडा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी, सहा वाजता. मुंबईला बरोबर. ठाण्यात उशीर होतो. किती?"

हा हिशोब किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतो. आठ तिथीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. तक्त्यात मुंबईची वेळ असते ती अपोलो बंदराची. तिथून पाणी खाडीने वर चढत ठाण्याला पोचायला वेळ लागणारच. पण किती लागतो, हे काकांना हवं होतं.

क्रमांक 388, पक्ष्यांचं पुस्तक. "371 वरून. ओहोटीला चिखलात चालत खाणारे ते कोण?" क्रमांक 402, सुकी मासळी. "371 वरून. चेंदणीतल्या बाई म्हणाल्या, भांगेला (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) मासळी कमी. मग त्या दिवसांत घरी काय शिजतं?" पंचांगं तिथीसाठी. खगोल चंद्रासाठी. मिठागरांचा अहवाल उधाणासाठी, कारण मिठागरात पाणी घेतात ते उधाणाच्या भरतीला. तो खण विस्कटलेला नव्हता. आमच्या वाचनालयातल्या कुठल्याही कपाटापेक्षा तो काटेकोर लावलेला होता, आणि मी तो दहा मिनिटांत जमिनीवर पाडला होता.

वहीच्या मागच्या पानावर एक ओळ: "कळवा जुना पूल, दर रविवारी. तक्त्यातली वेळ, प्रत्यक्ष वेळ, फरक. तक्त्याच्याच समासात लिहावे, म्हणजे वेगळे हरवणार नाही."

मला झोप लागली नाही. एकोणतीस वर्षांचे रविवार. पेन्सिलीचे ते आकडे मी डोळ्यांनी बघितले होते, आणि त्यांच्याचमुळे पुस्तक नाकारलं होतं.

सकाळी सातला काकूंना फोन केला. उरलेली पुस्तकं आदल्या संध्याकाळीच रद्दीवाल्याला दिली होती. मी दुकान गाठलं. शटर अर्धवट वर होतं. रद्दीच्या दुकानात पुस्तक आलं की आधी पुठ्ठा वेगळा होतो. पुठ्ठ्याचा भाव वेगळा, कागदाचा वेगळा. खाली बसून एक मुलगा ते काम करत होता, आणि त्याच्या बाजूला तपकिरी कव्हरं घातलेल्या पुठ्ठ्यांचा ढीग होता. मोरचुदाच्या खळीने चिकटवलेल्या पट्ट्या त्याला हाताने सुटेनात म्हणून तो पटाशी घालून उचकटत होता. मी म्हटलं, "थांब." माझा आवाज इतका चढला की मालक आतून बाहेर आला. दोन तास मी तो ढीग उपसला. एकोणतिसांपैकी बावीस मिळाले. त्यातल्या नऊंना पुठ्ठा नव्हता. बाकीचा माल पहाटेच्या टेम्पोने गेला होता. मालकाने किलोच्या भावाने पैसे घेतले, चहा पाजला आणि सुतळी फुकट दिली. त्याला कामाची किंमत कळली, एवढं खरं.

ग्रंथालयशास्त्र शिकताना रंगनाथनांचे 1931 चे पाच सिद्धांत सगळ्यांनाच पाठ करावे लागतात. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मी माझं सगळं आयुष्य या दोन वाक्यांवर काढलं. एखादं पुस्तक हातात आलं की मी विचारते, हे कोण वाचेल? हे कोणी वाचलंय, कसं वाचलंय, वाचून त्यात काय भर घातलीय, हे विचारायला आमच्या एकाही अर्जात रकाना नाही. काकांच्या वहीत होता. अनुदानाच्या तपासणीला अधिकारी येतात, ते दाखल नोंदवहीचे क्रमांक तपासतात, बिलं ताडून बघतात. पुस्तक उघडून बघितलेला अधिकारी मला एकोणीस वर्षांत दिसला नाही. पण त्या शनिवारी पुस्तक उघडून, आत बघूनसुद्धा, मीच ते बाजूला टाकलं. तो दोष मी तपासणीवर कसा ढकलू?

आणलेल्या पुस्तकांचं वर्गीकरण झालं. 598, 641, 551, सगळी आपापल्या कपाटात गेली. आमच्या संगणकप्रणालीत "टीप" म्हणून एक चौकट आहे, तिच्यात मी प्रत्येक पुस्तकाचा काकांचा क्रमांक आणि "कुठून" लिहिते. त्यावरून शोधता येत नाही, नुसतं वाचता येतं. एक स्वतंत्र कपाट द्या, ही सगळी एकत्र त्यांच्याच क्रमाने लावते, असा अर्ज कार्यवाहांना दिलाय. ते म्हणाले, मग प्रत्येक देणगीदार कपाट मागेल, पुढच्या बैठकीत बघू. त्यांचंही अगदीच चुकीचं नाही. अकरावीची गाइडं देऊन कपाटावर आजोबांच्या नावाची पाटी मागणारे लोक मी पाहिलेत.

जुलैत काकू आल्या. घोडबंदरहून दोन बस बदलून. सभासद झाल्या आणि म्हणाल्या, "तीनशे अठ्ठ्याऐंशी दे." मी दुसऱ्या मजल्यावरून पक्ष्यांचं पुस्तक आणून दिलं. मग त्यांनी 402 मागितलं, ते तळमजल्यावर. त्या पायऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "घरी हाताला हात लागून होती." मी त्यांना तक्त्यांचं सांगितलं. सात मिळाले नाहीत हेही सांगितलं. त्यांनी पुठ्ठे नसलेले नऊ हातात घेऊन बघितले, आणि मला विचारलं, "खळ करता येते का तुला?"

आता दुपारी वाचनालय बंद असतं त्या वेळात मी ते आकडे उतरवून घेते. तारीख, तिथी, अपोलो बंदर, कळवा, फरक. शेवटच्या रकान्यात कधी कधी शब्द असतात. "पाऊस, पाणी गढूळ." "रोहित पक्षी आले, मोजले नाहीत." "आज हिला घेऊन गेलो." 1981, 82, 83 झाली. 1984 चा अंक मिळालेला नाही. 85 आणि 86 आहेत, 87 नाही. या बावीस पुस्तकांना अजून दाखल क्रमांक दिलेला नाही. छापील पुस्तक म्हणून नोंदवू की हस्तलिखित, हे ठरत नाही. तपासणी जवळ आलीय, आणि नोंद नसलेलं काहीही वाचनालयात ठेवता येत नाही. तोवर ती माझ्या टेबलामागच्या खणात आहेत. त्यांच्या एका बाजूला पंचांगांसाठी जागा सोडलीय.