लोकलचा खर्च हिशेबात धरताना

स्वतंत्र व्यवसाय करत असाल तर आधी एक तपासा: आयकर रिटर्न खर्चाचा हिशेब न देता, अंदाजे नफा धरून भरायच्या सवलतीत (1961 च्या आयकर कायद्यात कलम 44एडीए) भरताय का? भरत असाल तर वर्षाच्या जमेचा किमान निम्मा भाग हाच नफा धरला जातो. त्यात सगळे खर्च आले, लोकलचं भाडं वेगळं वजा होत नाही. इथेच बरेच जण चुकतात.

खरे खर्च दाखवून भरत असाल, तर नियम असा (1961 च्या आयकर कायद्यात कलम 37(1)): खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच झालेला हवा. क्लायंटकडे, साइटवर, माल आणायला केलेला प्रवास धरा. घर ते ऑफिस हा रोजचा प्रवास मात्र वादाचा, सीएला विचारल्याशिवाय धरू नका. पासवर रविवारी नातेवाइकांकडेही जात असाल, तर कामाच्या फेऱ्यांपुरताच हिस्सा घ्या.

छापील तिकिटाची शाई उडते, त्याच दिवशी फोटो काढा. नुसतं तिकीट प्रवास कशासाठी झाला ते सांगत नाही, म्हणून वहीत एक ओळ हवीच:

12 जून, ठाणे–दादर, जाऊन-येऊन, डिझाइन दाखवायला, बिल क्र. 14.

ही ओळ त्याच संध्याकाळी लिहा. मार्चअखेरीस आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते.