ताडपत्रीत बांधलेल्या गाद्या

जुलैच्या शेवटी नागपूरच्या धरमपेठेतून एका काकूंचा फोन आला. "भाऊ, गच्चीवरच्या झोपाळ्याच्या गाद्यांचा वास येऊन राहिला, एकदा पाहून जा ना."

गेलो तेव्हा पावसाची उघडीप होती. काकांनी गाद्या निळ्या ताडपत्रीत गुंडाळून सुतळीनं आवळल्या होत्या. उलगडलं तर ताडपत्रीच्या आतून थेंबच थेंब. खोळीची चेन गंजून बसलेली, पकडीनं ओढावी लागली. आतला फोम ओलसर, खालच्या अंगाला काळी बुरशी. शिवण जरा ताणली तर कापड शाबूत राहिलं आणि दोरा तुटला. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात सुती दोरा आधी कुजतो, हे मी नेहमी पाहतो.

"पाऊस तं आत गेलाच नाही, मंग ओलं कसं झालं?" काकूंनी विचारलं.

काकांना खोदून विचारलं. पहिल्या पावसात गाद्या भिजल्या होत्या, हाताला कोरड्या लागल्या म्हणून बांधल्या. खोळ लवकर वाळते हो, फोमला दिवस लागतात. वर ऊन तापलं की फोममधली वाफ ताडपत्रीला लागते, तिचं पाणी होतं आणि ते परत गादीतच मुरतं.

तो फोम मी टाकायला सांगितला. बुरशी खोलवर गेली की धुऊन काही होत नाही, आणि त्यांची नात त्याच झोपाळ्यावर झोपायची. काका म्हणाले, रेक्झीन लावा. मी नाही म्हटलं. उन्हात ते तापतं, तडकतं. सुईच्या भोकांतून पाणी आत शिरतं, बाहेर पडायला मात्र वाट नसते.

मग मोठ्या छिद्रांचा जाळीदार फोम आणला. महाग पडतो, पण पाणी धरत नाही. तळाला जाळीचं कापड, प्लास्टिकची चेन, पॉलिस्टरचा दोरा. वरचं कापड ॲक्रिलिकचं, धागा तयार होतानाच रंग मिसळलेलं. छापील कापडासारखं ते उन्हात लवकर विटत नाही.

गाद्या द्यायला गेलो तेव्हा काकांचा विश्वास बसेना. एका गादीवर बादलीभर पाणी ओतलं आणि चेनची बाजू खाली करून भिंतीला उभी केली. धार लागली. काका वाकून, पाणी थेंबांवर येईपर्यंत बघत राहिले. ताडपत्री घालायचीच तर वरून छपरासारखी, बाजू मोकळ्या, असं सांगून मी निघालो, तर काकूंनी अंगणातल्या खुर्च्यांचंही माप घ्यायला थांबवलं.